इंदूरच्या खताचे जनक : सर अल्बर्ट हॉवर्ड

आपल्या कॉलेजातील कितीतरी मुले-मुली पहाटे गोठ्यातील शेण भरून, मग एस.टी. गाठून वर्गात येतात. शेणाची पाटी उकिरड्यावर रिकामी करताना अभिमान कुणाला वाटणार? पण याच उकिरड्यापायी एका इंग्रज शास्त्रज्ञाने आपली बुद्धी पणाला लावली होती.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजला शिक्षण आणि वेस्ट इंडिजमध्ये काही वर्षे नोकरी करून १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत आले. काम होते पिकांचे उत्पन्न वाढविण्याचे, आणि ते त्यांनी चोख केले. त्यांच्या 'पुसा ४', 'पुसा १२' या गव्हाच्या जाती दूरवर पेरल्या गेल्या. या कामात पत्नी गॅब्रिएल यांचा बरोबरीचा वाटा होता. त्याही केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ; पण नाव झाले ते पतीचेच!

पुसाच्या आसपासचे शेतकरी औषध फवारीत नसत, विकतचे खत घालीत नसत, तरी त्यांची पिके निरोगी असत. हॉवर्ड यांनी या अशिक्षित माणसांनाच गुरू केले. पुढे त्यांनी स्वतःच्या बैलांना सकस जमिनीतला चारा घातला. शेजारच्या लाळ-खुरकूत झालेल्या गुरांच्या नाकाला नाक लावूनही ते बैल आजारी पडले नाहीत. एवढ्यावरून सर्व रोगांचे मूळ जमिनीत शोधणे जरा घाईचेच होते, आणि तज्ज्ञांनी त्यांना तसे सुनावलेही; पण जमिनीच्या प्रकृतीकडे त्यांचे लक्ष लागले ते कायमचे.

१९२४ साली ते इंदूरला आले. होळकर संस्थानाने दिलेल्या जागेवर कापसाच्या संशोधनाची संस्था उभी राहिली. जमीन काळी, आपल्या वऱ्हाड-खानदेशासारखी. पेच असा की सरपण नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या चुलीत जायच्या. मग शेताला काय घालायचे? हॉवर्ड यांनी टाकाऊ मालच हाताशी धरला. कडक पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरायच्या. गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. तो चुरा आणि पालापाचोळा गुरांखाली अंथरायचा. मग मूत्राने भिजलेली माती, राख व थोडे शेण मिसळून सारे उथळ खड्ड्यात भरायचे. ओल व हवा राहील असे बघून तीन वेळा परतायचे, की तीन महिन्यांत काळेभोर खत तयार! शेण थोडे लागे आणि खत पुष्कळ होई. हीच 'इंदूर पद्धत'. १९३१ साली तिच्यावरचे पुस्तक निघाले तेव्हा हॉवर्ड यांच्याबरोबर लेखक म्हणून यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचे नाव होते.

ते पुस्तक पाहायला गॅब्रिएल मात्र नव्हत्या. १९३० सालीच त्यांचे निधन झाले होते. हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९३४ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. रासायनिक खतांनी पीक वाढते, पण जमिनीची पुंजी खर्ची पडते, असे ते अखेरपर्यंत हट्टाने मांडत राहिले. चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनी त्यांची पद्धत उचलली, कारण खड्डे परतायला त्यांच्याकडे मजूर होते. एका बैलजोडीच्या शेतकऱ्याला, ज्याच्यासाठी ती मुळात शोधली गेली, तेवढे हात कुठून मिळणार? या प्रश्नाचे पुरे उत्तर त्यांना देता आले नाही.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, हॉवर्ड यांनी इंग्लंडात देह ठेवला.