वनस्पतींचा कारागीर : ल्यूथर बरबँक

रोपवाटिकेच्या धंद्यात एक मोठी अडचण आहे. विणकराने लुगडे विकले तर दुसऱ्या लुगड्यासाठी गिऱ्हाइकाला पुन्हा त्याच्याकडेच यावे लागते. पण नव्या वाणाचे झाड एकदा विकले की घेणारा त्याची शेकडो कलमे स्वतःच करू शकतो! अमेरिकेतील ल्यूथर बरबँक यांना ही अडचण जन्मभर पुरली.

त्यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. शिक्षण बेताचेच, पण डार्विनच्या ग्रंथांनी त्यांना दिशा दाखविली. १८७२ साली त्यांच्या शेतातील बटाट्याच्या एका झाडाला फळ धरले. बटाटा कंद लावून वाढवितात. त्या जातीला बी क्वचितच धरे. फळातील २३ बिया त्यांनी लावल्या. त्यांतल्या एका रोपाचे बटाटे मोठे व भरघोस निघाले. हा वाण त्यांनी एका बियाणे-व्यापाऱ्याला अवघ्या १५० डॉलरला विकला आणि १८७५ साली त्याचे दहा बटाटे बरोबर घेऊन कॅलिफोर्नियातील सांता रोझा गाठले.

१८८१ साली एका बागायतदाराने त्यांच्याकडे २०,००० आलुबुखार-कलमे मागितली, तीही एकाच हंगामात. बरबँक यांनी लवकर रुजणारे बदाम पेरले व त्या रोपांवर आलुबुखाराचे डोळे भरले. बहुतेक कलमे मुदतीत तयार झाली आणि धंद्यात त्यांचे नाव झाले.

पुढे हजारो रोपांतून एखादेच राखायचे, अशा कठोर निवडीने त्यांनी ८०० हून अधिक वाण निर्माण केले. सांता रोझा आलुबुखार व पांढरी शास्ता डेझी त्यांतलीच. मात्र टिपणे ठेवण्यात ते ढिले होते. कार्नेगी संस्थेने १९०५ पासून दिलेले वर्षाचे १०,००० डॉलरचे साहाय्य काही वर्षांतच बंद पडले. त्यांच्या नावाने निघालेली कंपनीही बुडाली.

११ एप्रिल १९२६ रोजी ते वारले. वनस्पतींच्या नव्या वाणांना पेटंट देणारा कायदा अमेरिकेत झाला तो १९३० साली. त्यांच्या काही वाणांना पेटंट मिळाले, पण मरणोत्तर.

त्या बटाट्यापासून निघालेला ‘रसेट बरबँक’ आजही अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पिकतो. आपण वाणिज्याचे विद्यार्थी ताळेबंदात जमीन, यंत्रे, माल मांडतो. २३ रोपांतून एक ओळखणारी नजर कोणत्या रकान्यात मांडायची, हेही आपण शिकले पाहिजे.