शब्दाची साक्ष : चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ईश्वरविषयक वाद

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ईश्वराच्या अस्तित्वाविषयी ख्रिस्ती आणि निरीश्वरवादी यांच्यात जो दीर्घ वाद झाला, त्याचे विवेचन सामान्यतः डार्विन, हक्स्ले आणि बिशपमंडळी यांच्या अनुषंगाने केले जाते. तो या वादाचा विद्वत्सभेतील भाग होय. त्याचा दुसरा, काहीसा रांगडा परंतु सामाजिकदृष्ट्या अधिक परिणामकारक भाग कामकरी वस्त्यांतील सभागृहांत, न्यायालयांत आणि अखेर पार्लमेंटच्या दाराशी घडला. चार्ल्स ब्रॅडलॉ (१८३३-१८९१) हा या दुसऱ्या भागाचा नायक. ईश्वर आहे की नाही, एवढ्यापुरताच त्याचा वाद मर्यादित राहिला नाही. ‘ईश्वर’ हा शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात नेमके काय असते, आणि तो शब्द ज्याला निरर्थक वाटतो त्याच्या वचनावर समाजाने विश्वास ठेवावा की ठेवू नये, हे दोन प्रश्न त्याच्या सबंध आयुष्याला व्यापून राहिले.

ब्रॅडलॉचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण जेमतेम. मात्र मुलगा धर्मनिष्ठ आणि अभ्यासू होता, त्यामुळे लहान वयातच चर्चच्या रविवारच्या शाळेत तो शिकवू लागला. लंडनचे बिशप दृढीकरणविधीसाठी येणार होते, आणि त्यांच्यापुढे उभे करावयाच्या मुलांत पॅकर नावाच्या धर्मोपदेशकाने ब्रॅडलॉची निवड केली. विधीच्या तयारीसाठी त्याने इंग्लिश चर्चची ३९ धर्मकलमे आणि चार शुभवर्तमाने एकमेकांशी ताडून पाहिली. त्यांत त्याला विसंगती आढळल्या. त्या समजावून द्याव्यात, अशी विनंती करणारे पत्र त्याने पॅकरना लिहिले. यात बंडखोरीचा लवलेश नव्हता. शंकानिरसन करणे हे ज्याचे काम त्याच्याकडेच शंका नेलेली होती. पॅकरनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुलाला शाळेतून काही काळ दूर केले आणि त्याच्या ठायी निरीश्वरवाद असल्याचे वडिलांना कळविले. शंका आणि नकार यांतील अंतर पुसून टाकण्याचे काम येथे एका पाद्र्यानेच केले, हे नमूद केले पाहिजे.

त्यानंतर घरात जे घडले ते करुण आहे. ईश्वर नाही असे म्हणणाऱ्याला मूर्ख ठरविणारे स्तोत्रसंहितेतील वचन वडिलांनी चौकटीत बसवून मुलाच्या दृष्टीसमोर भिंतीवर टांगले. पुढे मते बदलण्यासाठी त्याला तीन दिवसांची मुदत देण्यात आली. मुदत संपण्यापूर्वीच सोळा वर्षांच्या ब्रॅडलॉने घर सोडले. त्याला आसरा मिळाला तो विचारस्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगलेल्या रिचर्ड कार्लाइलच्या सहचारिणीकडे, एलायझा शार्पल्स यांच्याकडे. १८५० मध्ये ख्रिस्ती मतांगीकारावरील त्याची पहिली पुस्तिका निघाली. त्याच वर्षी उपासमार आणि कर्ज यांना कंटाळून तो सैन्यात भरती झाला. आयर्लंडमधील तीन वर्षांच्या नोकरीनंतर, एका नातलग वृद्धेच्या मृत्यूनंतर मिळालेल्या पैशांतून त्याने आपली सुटका विकत घेतली आणि लंडनला परतून वकिलाकडे कारकुनी पत्करली. कायद्याची जी बारीक जाण पुढे त्याच्या प्रतिपक्षाला जड गेली, ती त्याने या कारकुनीत कमावली. मालकाला त्रास होऊ नये म्हणून तो ‘आयकॉनोक्लास्ट’, म्हणजे मूर्तिभंजक, या टोपणनावाने व्याख्याने देऊ लागला.

त्या काळातील धर्मविषयक वादसभांना स्वतःचे असे एक शिस्तबद्ध रूप होते. दोन पक्ष विषयाचे शब्दांकन आधी पत्रव्यवहाराने ठरवीत आणि पुष्कळदा खरी झटापट तेथेच होई. मग दोन किंवा अधिक संध्याकाळी, अध्यक्षाच्या देखरेखीखाली, घड्याळ लावून प्रत्येकी ठरावीक वेळ भाषणे होत. लघुलेखक ती टिपून घेत आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने त्यांचे पुस्तक निघे. सभेला तिकीट असे, आणि ते काढून येणाऱ्यांत चांभार, विणकर, छापखान्यातील जुळारी यांचा भरणा मोठा. या पुस्तिका आज वाचताना त्यांतील पुनरुक्ती कंटाळा आणते, हे खरे. तरीही सामान्य माणसाला तर्काची शिस्त लावणारे गद्य म्हणून त्यांचे मोल कमी नाही. ब्रुइन ग्रँट या धर्मोपदेशकाशी ब्रॅडलॉचे वाद एकाहून अधिक वेळा झाले. १८६४ मध्ये थॉमस कूपरशी झालेला वाद विशेष उल्लेखनीय आहे, कारण कूपर हा एके काळी स्वतःच संशयवादी व्याख्याता होता आणि नंतर ख्रिस्ती श्रद्धेकडे परतला होता. ‘नॅशनल रिफॉर्मर’ या १८६० मध्ये निघालेल्या पत्राचा ब्रॅडलॉबरोबरचा पहिला सहसंपादक जोसेफ बार्कर हाही मेथडिस्ट उपदेशक, मग संशयवादी, आणि अखेर पुन्हा ख्रिस्ती, असा प्रवास करून गेला. दोन्ही तटांवरील माणसे एकमेकांच्या तटावरून आलेली असत. या वादांतील कटुता आणि जवळीक या दोहोंचे मूळ तेथेच शोधावे लागते.

१८६४ मध्येच ब्रॅडलॉने निरीश्वरवादाचे समर्थन करणारी आपली प्रसिद्ध पुस्तिका लिहिली. तिच्यातील भूमिका प्रतिपक्षाने रंगविली त्यापेक्षा सूक्ष्म आहे. ईश्वर नाही, असे सकारण सिद्ध करण्याचा तिचा दावा नाही. या शब्दाने कोणती कल्पना सुचविली जाते ते जोवर स्पष्ट होत नाही, तोवर तो शब्द आपल्यापुरता आशयशून्य आहे आणि आशयशून्य गोष्टीचे मंडन वा खंडन संभवत नाही, असे तिचे सार सांगता येईल. जी व्याख्या केली जाईल तिचे मात्र तो कसून खंडन करी. मराठी वाचकाने येथे परिभाषेचे भान ठेवणे अगत्याचे आहे. आपल्या परंपरेत वेदप्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. जगत्कर्ता ईश्वर न मानताही सांख्य आणि मीमांसक आस्तिक राहू शकतात. ब्रॅडलॉला म्हणून निरीश्वरवादी म्हणणेच योग्य. या भूमिकेतील एक कच्चा दुवाही लपविण्याचे कारण नाही. स्पिनोझाच्या प्रभावाखाली तो एकाच अस्तित्वाचा सिद्धान्त मांडे, आणि तो सिद्धान्त स्वतःच एक तत्त्वमीमांसा आहे. अनुभवाच्या पलीकडील विधान करण्याचा दोष तो ख्रिस्ती पक्षावर ठेवीत असे, तो त्याच्याही वाट्याला काही प्रमाणात येतो.

१८६६ मध्ये त्याने नॅशनल सेक्युलर सोसायटीची स्थापना केली. ज्या संज्ञेला आपण इहवाद म्हणतो ती १८५१ मध्ये जॉर्ज जेकब होलिओकने रूढ केली होती. ईश्वराचा प्रश्न बाजूला ठेवून ऐहिक कल्याण पाहावे, त्यासाठी निरीश्वरवादी असणे आवश्यक नाही, असे होलिओकचे मत. ईश्वरकल्पनेशी दोन हात केल्यावाचून इहवाद उभाच राहत नाही, असे ब्रॅडलॉचे. १८७० मध्ये या दोघांचाही जाहीर वाद झाला. श्रद्धाहीनांचा पक्ष एकसंध नव्हता, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

वादातील विजयापेक्षा दंतकथा अधिक वेगाने पसरतात. ब्रॅडलॉने व्यासपीठावर खिशातील घड्याळ काढून, ईश्वर असेल तर त्याने पाच मिनिटांत आपले प्राण घ्यावेत असे आव्हान दिले, ही कथा प्रवचनांतून वर्षानुवर्षे सांगितली गेली. त्याने तिचा वारंवार इन्कार केला आणि अखेर न्यायालयाचाही आश्रय घेतला. कथा तरीही टिकली. १८७४ मध्ये अ‍ॅनी बेझंट त्याच्या सहकारी झाल्या. संततिनियमनावरील एक जुनी पुस्तिका पुन्हा छापल्याबद्दल १८७७ मध्ये दोघांवर खटला झाला, शिक्षा झाली, आणि ती पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. या प्रकरणाने त्याच्या नावावर अनीतीचा शिक्का बसला आणि त्याची किंमत त्याला लवकरच द्यावी लागली.

१८८० मध्ये चांभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्दॅम्प्टनने हेन्री लाबूशेर याच्याबरोबर ब्रॅडलॉला कॉमन्स सभागृहात निवडून दिले. ३ मे रोजी त्याने ईश्वरसाक्ष शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची अनुज्ञा मागितली. क्वेकर पंथीयांना ती सवलत होती आणि न्यायालयातील साक्षीपुरती ती १८६९ व १८७० च्या कायद्यांनी, बहुतांशी ब्रॅडलॉच्याच प्रयत्नांनी, अश्रद्धांनाही मिळाली होती. समितीने एका मताच्या फरकाने त्याचा हक्क नाकारला. तेव्हा शपथ घेण्याची त्याने तयारी दर्शविली आणि त्याचबरोबर एक जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. शपथेतील ईश्वरविषयक शब्द आपल्याला अर्थहीन असले तरी तिच्यातील वचन आपल्या सदसद्विवेकावर पूर्णतः बंधनकारक राहील, असा त्याचा आशय होता.

ब्रॅडलॉच्या चरित्रातील नैतिक पेच हाच. प्रतिपक्षाने विचारले की, साक्षीला बोलावलेला साक्षी जर शपथ घेणाऱ्याच्या लेखी नाहीच, तर ही शपथ म्हणजे पावित्र्यविडंबन नव्हे काय? प्रश्न पोकळ नव्हता. होलिओकसारख्या स्वपक्षीयांनाही ही तयारी तत्त्वच्युती वाटली. ब्रॅडलॉच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की, त्याने आपली अश्रद्धा लपविली नाही. त्याचा सहप्रतिनिधी लाबूशेर स्वतः श्रद्धावान नव्हता. तो निमूटपणे शपथ घेऊन आसनस्थ झाला आणि कोणाला त्यात वावगे दिसले नाही. सभागृहाला अश्रद्धा खपत होती, तिचा उच्चार खपत नव्हता. तरीही मूळ मागणी नाकारली गेल्यावर ब्रॅडलॉने प्रतिज्ञेचाच आग्रह धरला असता तर त्याची बाजू अधिक निर्मळ राहिली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

यापुढील सहा वर्षांचा वृत्तान्त एखाद्या नाटकासारखा आहे. २३ जून १८८० रोजी सभागृहाबाहेर जाण्याचे नाकारल्यामुळे त्याला घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र स्थानबद्ध करण्यात आले. जुलैत स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करून त्याला बसू देण्यात आले. लगेच त्याच्यावर, प्रत्येक मतदानामागे ५०० पौंड दंडाची मागणी करणारा दावा गुदरला, आणि न्यायालयाच्या निर्णयाने जागा रिक्त झाली. एप्रिल १८८१ मध्ये नॉर्दॅम्प्टनने त्याला पुन्हा निवडले. ३ ऑगस्टला सभागृहात शिरू पाहणाऱ्या या धिप्पाड माणसाला सेवकांनी आणि पोलिसांनी फरफटत बाहेर काढले. त्याचा कोट फाटला, दंडांना जबर इजा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्याने खिशातून नवा करार काढून स्वतःच स्वतःला शपथ दिली, तेव्हा त्याला निष्कासित करण्यात आले. मार्च १८८२ आणि फेब्रुवारी १८८४ मध्ये मतदारांनी त्याला पुनश्च पाठविले.

या संघर्षात ख्रिस्ती पक्षही एकमुखी नव्हता. कार्डिनल मॅनिंग यांनी ब्रॅडलॉविरुद्ध लेखणी उचलली. उलट क्वेकर जॉन ब्राइट त्याच्या बाजूने उभे राहिले. सर्वांत लक्षणीय भूमिका ग्लॅडस्टनची. तो निस्सीम अँग्लिकन, ब्रॅडलॉच्या मतांचा त्याला मनापासून तिटकारा. १८८३ च्या प्रतिज्ञा विधेयकावर बोलताना त्याने लुक्रेशियसच्या लॅटिन ओळींचा दाखला देत असे प्रतिपादिले की, मानवी व्यवहाराकडे ढुंकूनही न पाहणारा कोणताही अमूर्त देव मानणारा माणूस ज्या शपथेने आत येऊ शकतो, ती ख्रिस्ती धर्माचे रक्षण करीत नाही, त्याचा अवमानच करते. ‘ईश्वर’ या शब्दाला निश्चित आशय नसेल तर त्याचा उच्चार व्यर्थ, हा ब्रॅडलॉचाच मुद्दा येथे एका भाविकाने श्रद्धेच्या बाजूने मांडला. विधेयक २८९ विरुद्ध २९२ असे तीन मतांनी पडले. त्याच वर्षी ईश्वरनिंदेच्या एका खटल्यातून ब्रॅडलॉ निर्दोष सुटला, मात्र त्याचा सहकारी जी. डब्ल्यू. फूट याला एका वर्षाचा तुरुंगवास घडला.

जानेवारी १८८६ मध्ये नव्या पार्लमेंटच्या आरंभी सभापती आर्थर पील यांनी कोणाचाही आक्षेप ऐकून घेण्यास नकार दिला आणि ब्रॅडलॉने इतरांसारखी शपथ घेतली. १८८८ मध्ये त्याच्याच पुढाकाराने शपथविषयक कायदा संमत होऊन प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना खुला झाला. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन पर्याय शेजारी शेजारी आढळतात, ते वाचताना या प्रकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

हिंदुस्थानच्या प्रश्नांविषयीच्या कळकळीमुळे ब्रॅडलॉला हिंदुस्थानचा प्रतिनिधी म्हणून ओळखले जाऊ लागले होते. गंभीर आजारातून उठून डिसेंबर १८८९ मध्ये तो मुंबईस राष्ट्रीय सभेच्या पाचव्या अधिवेशनाला आला. अध्यक्षस्थानी सर विल्यम वेडरबर्न होते आणि प्रतिनिधींची संख्या योगायोगाने १८८९ भरली. आगरकरांचे ‘सुधारक’ सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. सहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाई या अधिवेशनातील मोजक्या स्त्री-प्रतिनिधींत होत्या. त्याच वर्षी, दुसरीकडे, अ‍ॅनी बेझंट निरीश्वरवाद सोडून थिऑसफीकडे वळल्या. ब्रॅडलॉला हा घाव मोठा होता, परंतु त्याने मैत्री तोडली नाही.

२७ जानेवारी १८९१ रोजी कॉमन्स सभागृहाने ब्रॅडलॉला प्रतिबंध करणारा १८८० चा ठराव आपल्या इतिवृत्तातून काढून टाकला. ब्रॅडलॉ त्या वेळी मृत्युशय्येवर होता आणि ही वार्ता त्याला कळू शकली नाही. ३० जानेवारीस तो निवर्तला. ब्रुकवुडच्या दफनभूमीत कोणताही धर्मविधी न होता त्याला मूठमाती देण्यात आली. लोटलेल्या गर्दीत लंडनमधील हिंदी विद्यार्थी होते, काही ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते. या विद्यार्थ्यांपैकी मोहनदास गांधी यांनी आपल्या आत्मकथेत परतीच्या गाडीची वाट पाहताना घडलेला एक प्रसंग नोंदविला आहे. जमावातील एका कडव्या निरीश्वरवाद्याने एका पाद्र्याला गाठून, पृथ्वीचा परीघ सांगता येतो तसा देवाचा आकार आणि ठिकाण सांगा, असे छेडले. तो आपणा दोघांच्या हृदयात आहे, एवढेच पाद्री म्हणाला आणि प्रश्नकर्त्याच्या विजयी मुद्रेपुढे नम्रपणे गप्प राहिला. निरीश्वरवादाविषयी गांधीजींच्या मनात आधीच असलेली अढी या संवादाने वाढली. ज्याच्या अंत्ययात्रेनंतर हे घडले त्याने असा आकार कधी विचारला नव्हता, त्याने अर्थ विचारला होता.

अंतकाळी ब्रॅडलॉ ख्रिस्ताला शरण गेला, अशी कथा यथावकाश निघालीच. त्याची कन्या हायपेशिया ब्रॅडलॉ बॉनर हिने १८९४ मध्ये पित्याचे द्विखंडात्मक चरित्र सिद्ध केले, आणि या कथेच्या निराकरणासाठी पुढे स्वतंत्र पुस्तिका लिहिली. शेवटच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचे स्वाक्षरी केलेले निवेदन तिने मिळविले होते. आजारपणात रुग्णाने धर्माविषयी एकही शब्द काढला नाही, असे त्यात म्हटले होते.