डॉ. बिगेलो व जपानी तरवारींच्या चकत्या

इ. स. १८७६ च्या मार्च महिन्यांत जपान सरकारनें एक हुकूम काढिला. लष्करी लोक, पोलीस व दरबारी पोषाखांतील अधिकारी यांखेरीज कोणींही कमरेस तरवार लावूं नये, असा तो हुकूम होता. शेंकडों वर्षें तरवार हेंच ज्यांचें भूषण, त्या सामुराई वर्गाची तरवार निरुपयोगी ठरली. तिच्यावर पोसलेली कारागिरीही निराधार झाली. त्या पडत्या काळांत या कारागिरीचे नमुने जपून ठेवणाऱ्या एका परदेशी गृहस्थाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्यम स्टर्जिस बिगेलो यांचा जन्म अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं ४ एप्रिल १८५० रोजीं झाला. आई बालपणींच वारली. वडील नामांकित शस्त्रवैद्य. मुलानें आपलाच धंदा चालवावा, ही त्यांची इच्छा. विल्यम यांनीं १८७४ सालीं हार्वर्ड येथें वैद्यकीची पदवी घेतली व पुढें युरोपांत पाश्चर यांच्यापाशीं अभ्यास केला. परत आल्यावर वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनीं शस्त्रवैद्यकी पत्करिली. परंतु तींत त्यांचें मन रमलें नाहीं.

अशा मनःस्थितींत प्रोफेसर मोर्स यांचीं जपानविषयक व्याख्यानें त्यांनीं ऐकिलीं, आणि १८८२ सालीं मोर्स यांच्याबरोबर ते जपानांत गेले. तेथें ते सुमारें सात वर्षें राहिले. १८८५ सालीं त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षाही घेतली. मोर्स मातीचीं भांडीं जमवीत, मित्र फेनोलोसा चित्रें जमवीत. बिगेलो यांची नजर तरवारी, लाखकाम व तरवारींच्या चकत्या यांवर खिळली.

आपल्याकडील तरवारीच्या मुठीस हाताच्या रक्षणार्थ परज असते. जपानी तरवारीस पातें व मूठ यांच्यामध्यें सुमारें तीन इंच रुंदीची धातूची चकती बसवितात. तिला त्सुबा म्हणतात. हात पात्यावर घसरूं नये व तरवारीचा तोल राहावा, हें तिचें काम. एवढ्याशा जागेंत कारागीर लाटा, करकोचे व शेवंतीचीं फुलें कोरीत. कोणी लोखंडांत नाजूक जाळी काढीत. कोणी तांब्यांत थोडें सोनें मिसळून त्यास जांभळट काळी झांक आणीत. हुकुमानंतर अशा वस्तू मातीमोलानें विकल्या जाऊं लागल्या.

बिगेलो यांनीं त्या घेतल्या व १९११ सालीं आपला प्रचंड जपानी संग्रह बॉस्टनच्या कलासंग्रहालयास अर्पण केला. परंतु जमविणें म्हणजे जाणणें नव्हे. पुष्कळ चकत्यांवर कारागिराचें नांव नसतें. कित्येकांवर असतें, पण खोटें असतें. तेव्हां धातूचा रंग, गंजाची जात, कडेची घडण व छिन्नीची रेघ पाहूनच घराणें ठरवावें लागतें. हें काम परक्यांनीं एकट्यानें उरकूं नये म्हणून त्या संग्रहालयानें ओकाकुरा काकुझो यांच्यासारखे जपानी पंडित बोलाविले. ओकाबे काकुया यांचा या चकत्यांवरील ग्रंथ तेथूनच १९०८ सालीं निघाला.

एका देशाचा ठेवा दुसऱ्या देशीं जावा, हें योग्य काय? हा प्रश्न आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. बिगेलो यांनीं मोल देऊन वस्तू घेतल्या, ओकाकुरांच्या कलासंस्थेस द्रव्यसाहाय्य केलें, आणि १९०९ सालीं जपान सरकारनें त्यांस मानचिन्ह दिलें. तरीही पूर्वजांच्या हातचें कांहीं काम पाहण्यासाठीं जपानी मुलास समुद्र ओलांडावा लागतो, हें खरेंच. मात्र घरच्यांनीं ज्याची किंमत केली नाहीं, तें बाहेरच्यानें उचललें, तर पहिला दोष कोणाचा?

१९२६ च्या ऑक्टोबर महिन्यांत बिगेलो यांचें देहावसान झालें. त्यांच्या इच्छेप्रमाणें अर्धी रक्षा बॉस्टनजवळ व अर्धी जपानांतील बिवा सरोवराकांठीं मीइदेरा येथें आहे. वडिलांच्या धंद्यांत हा मुलगा नांव काढूं शकला नाहीं. पण काम संपलेल्या वस्तूकडे पाहून ही कोणीं घडविली, असें विचारण्यास तो शिकला. आमच्या विद्यार्थ्यांनीं घरांतील जुनें पितळ मोडीस जाण्यापूर्वीं हाच प्रश्न एकदां वडील माणसांस विचारावा, आणि वडील माणसांनीं त्याचें उत्तर सवडीनें द्यावें, एवढीच आमची विनंती आहे.