स्कॉलरशिप मिळवूनही ज्याला शाळेत घेतलं नाही, त्याच पोरानं पुढे महाडची परिषद भरवली

महाड म्हटलं की चवदार तळं आठवतं, बाबासाहेब आठवतात. पण बाबासाहेबांना महाडला आणण्यासाठी ज्यानं पायाला भिंगरी बांधली, तो माणूस याच तालुक्यातला होता. रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजेच कॉम्रेड आर. बी. मोरे.

मोरेंचा जन्म 1 मार्च 1903 चा, महाडजवळच्या लाडवलीचा. गाव दासगाव, सावित्री नदीवरचं बंदर. महार समाजातले बरेच पेन्शनर सैनिक इथे राहायचे. पलटणीत शिक्षणाशी ओळख झालेली, त्यामुळे पोरांनी शिकावं ही ओढ होती.

रामचंद्र अभ्यासात हुशार. दासगावात प्राथमिक शिक्षण झालं आणि त्यानं सरकारी स्कॉलरशिप मिळवली. वय जेमतेम 11 वर्षं. पुढचं शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत घ्यायचं ठरलं.

पण शाळेनं प्रवेश नाकारला. मार्क चांगले, स्कॉलरशिप हातात, अडचण फक्त जातीची. शाळा एका खाजगी जागेत भरायची. अस्पृश्य मुलगा आत आला तर जागामालक बाहेर काढेल, अशी शाळेला भीती होती.

दुसरं कोणी असतं तर घरी बसलं असतं. या पोरानं थेट वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि चक्रं फिरली.

त्यामागचं गणित समजून घ्यायला हवं. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं होतं. सरकारचा पैसा घ्यायचा आणि सरकारनंच स्कॉलरशिप दिलेल्या मुलाला परत पाठवायचं, याचं उत्तर देणं अवघड होतं. शेवटी शाळेनं रामचंद्रला घेतलं.

घेतलं, पण बसवलं वर्गाच्या बाहेर. इतर मुलं आत, हा बाहेरून ऐकणार.

एका पत्रानं नाव पटावर आलं, पण पटावरचं नाव म्हणजे वर्गातली जागा नव्हे, हे त्याला त्या वयात कळलं. एकट्याच्या हुशारीनं सुटणारा हा प्रश्न नव्हता. मोरे मग माणसं जोडायला लागले.

1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या करायचं मुंबई कायदेमंडळात ठरलं. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, तेही कागदावरच. मोरेंनी बाबासाहेबांना महाडला परिषद घेण्याचा आग्रह धरला आणि तयारीसाठी गावं पालथी घातली.

19 आणि 20 मार्च 1927 ला परिषद झाली. 20 तारखेला हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, हे सगळ्यांना माहिती आहे. पण त्याच परिषदेनं सरकारकडे आणखी एक मागणी केली होती, मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची. वसतिगृहांना मदत द्या, असंही त्यात होतं. वर्गाबाहेर बसलेल्या पोराच्या तालुक्यातून ही मागणी गेली, हे विशेष.

मोरे पुढे 1930 मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले, पण बाबासाहेबांशी नातं तुटू दिलं नाही. कामगार चळवळीत राबले, 1965 मध्ये 'जीवनमार्ग' साप्ताहिक सुरू केलं. 11 मे 1972 ला ते गेले.

आज महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या झेडपी शाळांतली पोरंही स्कॉलरशिपला बसतात. त्यांची जात बघून कोणी त्यांना वर्गाबाहेर बसवू शकत नाही. तो हक्क नुसत्या मार्कांनी मिळालेला नाही.