हिमप्रदेशातील श्रोता : क्नूड रासमुसेन

विसाव्या शतकाची सुरुवातीची वर्षे ध्रुव गाठण्याच्या स्पर्धेने गाजली. १९०९ मध्ये रॉबर्ट पिअरी यांनी उत्तर ध्रुवावर पोहोचल्याचे जाहीर केले. डिसेंबर १९११ मध्ये रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचले आणि त्यांच्यामागून तेथे गेलेले रॉबर्ट स्कॉट व त्यांचे सहकारी १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रांचे रकाने या वार्तांनी भरून जात होते. त्याच काळात ग्रीनलंडच्या उत्तरेकडील वस्त्यांमधून एक तरुण कुत्र्यांच्या स्लेजवरून हिंडत होता आणि रात्री सीलच्या चरबीच्या दिव्याजवळ बसून वृद्धांच्या गोष्टी ऐकत होता. ध्रुवबिंदूवर निशाण रोवण्याची त्याला ओढ नव्हती. जेथे झाड उगवत नाही आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही, तेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या कशी जगतात, हे त्याला समजून घ्यायचे होते. या तरुणाचे नाव क्नूड रासमुसेन.

क्नूडचा जन्म ७ जून १८७९ रोजी ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील याकोबसहाव्हन या गावी झाला. आज हे गाव इलुलिसात या मूळ नावाने ओळखले जाते. वडील ख्रिस्तियन हे डॅनिश धर्मोपदेशक असून ग्रीनलंडच्या भाषेचे जाणकार होते. त्यांनी त्या भाषेचे व्याकरण व शब्दकोशही रचला. आई लोविसे यांच्या कुळात डॅनिश व इनुइट या दोन्ही रक्तांचा संगम होता. धर्मोपदेशकाच्या घराचा उंबरठा ओलांडला की बाहेर सारा व्यवहार कलालिसुत या स्थानिक भाषेत चाले. क्नूड त्याच भाषेत खेळला, भांडला आणि गोष्टी ऐकत झोपी गेला. वयाची दहा वर्षे पुरी होण्याच्या आतच तो स्वतः कुत्र्यांची स्लेज हाकू लागला होता.

पुढे शिक्षणासाठी त्याला डेन्मार्कला नेण्यात आले. तेथील शाळेत तो फारसा चमकला नाही. तारुण्यात त्याने रंगभूमीवर आणि संगीतिकांमध्ये नशीब अजमावून पाहिले, पण तेथेही यश आले नाही. विद्यापीठाची पदवी नाही, कलेच्या क्षेत्रात स्थान नाही, अशा अवस्थेतील या तरुणाजवळ एकच गोष्ट अशी होती, जी कोपनहेगनमधील बहुतेक विद्वानांजवळ नव्हती. ती म्हणजे बालपणी कानांवर पडून अंगात मुरलेली ग्रीनलंडची भाषा.

१९०२ मध्ये पत्रकार लुडविग मिलियुस-एरिकसेन यांच्या नेतृत्वाखाली ग्रीनलंडला निघालेल्या साहित्यविषयक मोहिमेत रासमुसेन सामील झाले. त्यांचा बालमित्र ग्रीनलंडवासी योर्गेन ब्रोनलुंड आणि चित्रकार हॅराल्ड मोल्टके हेही या मोहिमेत होते. मेलव्हिल उपसागराचा गोठलेला विस्तार पार करून ही मंडळी केप यॉर्क भागातील इनुइटांपर्यंत पोहोचली. वाटेत मोल्टके गंभीर आजारी पडले. त्या कठीण प्रसंगी ज्या लोकांचा अभ्यास करायचा होता, त्यांच्याच आश्रयाला पाहुण्यांना राहावे लागले. तेथे ऐकलेल्या कथा आणि पाहिलेले जीवन रासमुसेन यांनी पुस्तकरूपाने मांडले आणि डेन्मार्कमध्ये त्यांचे नाव झाले.

१९१० मध्ये रासमुसेन व त्यांचे मित्र पीटर फ्रॉइखेन यांनी याच भागात एक व्यापारी ठाणे उभारले. प्राचीन युरोपीय लेखक जगाच्या उत्तर टोकाला थुले म्हणत. तेच नाव या ठाण्याला दिले गेले. इनुइट शिकारी तेथे कोल्ह्यांची कातडी आणत आणि बदल्यात बंदुका, सुया, भांडी नेत. या व्यापाराच्या नफ्यावर १९१२ ते १९३३ या काळात सात ‘थुले मोहिमा’ उभ्या राहिल्या. पहिल्या मोहिमेत रासमुसेन, फ्रॉइखेन आणि दोन इनुइट सोबती ग्रीनलंडचे अंतर्गत हिमक्षेत्र ओलांडून ईशान्य किनाऱ्यावर गेले. पिअरी यांच्या नकाशात तेथे दाखवलेली सामुद्रधुनी अस्तित्वातच नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

ध्रुवप्रदेशातील संशोधनाची किंमत किती जबर असते, हे दुसऱ्या मोहिमेने दाखवले. १९१६ ते १९१८ या काळात ग्रीनलंडच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा, तेथील भूरचना आणि वनस्पती यांचा अभ्यास करायचा होता. भूवैज्ञानिक लाउगे कोख आणि स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ थोरिल्ड वुल्फ हे सोबत होते. अन्नासाठी सारा भरवसा शिकारीवर होता आणि त्या वर्षी शिकारीने दगा दिला. ग्रीनलंडवासी हेंड्रिक ओल्सेन शिकारीला गेले, ते परतलेच नाहीत. हिमक्षेत्र ओलांडून आल्यावर उपासमारीने सारेच खंगले. रासमुसेन मदत आणण्यासाठी पुढे गेले. इकडे वुल्फ यांना पाऊल टाकणे अशक्य झाले, ते मागे राहिले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांनी जमवलेल्या वनस्पतींवर पुढे इतरांनी काम केले. बोटभर उंचीची ती झुडपे आणि शेवाळी ओळखण्यासाठी एका माणसाचे प्राण खर्ची पडले होते.

रासमुसेन यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे १९२१ ते १९२४ या काळातील पाचवी थुले मोहीम. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत विखुरलेले इनुइट एकाच मुळाचे आहेत का, ते कोठून आले आणि काय मानतात, हे पाहण्याचा संकल्प होता. प्राणिजीवन व नकाशे यांची जबाबदारी फ्रॉइखेन यांच्याकडे, पुरातत्त्वाची थेर्केल मॅथियासेन यांच्याकडे आणि मानववंशशास्त्राची काय बिर्केट-स्मिथ यांच्याकडे होती. थुलेचे काही इनुइट स्त्री-पुरुषही मोहिमेत होते. आरंभीच इन्फ्लुएंझाच्या साथीने घाला घातला. फ्रॉइखेन यांची इनुइट पत्नी नवराना आणि इगियांगुआक हा तरुण शिकारी दगावले. इगियांगुआकची पत्नी अर्नारुलुंगुआक मात्र वैधव्याचे दुःख गिळून मोहिमेबरोबर पुढे निघाली.

हडसन उपसागराच्या उत्तरेस एका बेटावर तळ उभारून संशोधक निरनिराळ्या दिशांना पांगले. मॅथियासेन यांनी उत्खननात देवमाशांची हाडे, दगड आणि गवताळ मातीची ढेकळे यांनी बांधलेल्या जुन्या घरांचे अवशेष शोधले. देवमाशांची शिकार करणारे हे पूर्वज अलास्काकडून पूर्वेला सरकत ग्रीनलंडपर्यंत पोहोचले, असे अनुमान त्यांनी मांडले. त्या लोकांच्या जीवनपद्धतीला थुले संस्कृती हे नाव मिळाले आणि ते आजही रूढ आहे. बिर्केट-स्मिथ आणि रासमुसेन यांनी अंतर्भागातील, कॅरिबू हरणांच्या कळपांवर जगणाऱ्या लोकांची पाहणी केली. हेच इनुइटांचे आद्य रूप असावे, असा त्यांचा तर्क होता. पुढील संशोधनाने तो खोडून काढला. त्यांनी केलेल्या नोंदींचे मोल मात्र त्यामुळे कमी झाले नाही.

रासमुसेन यांची खरी प्रतिभा दिसली ती इग्लुलिक भागात. तेथे आउआ नावाचा एक अंगक्कुक, म्हणजे आपल्याकडील भगत किंवा देवऋषी, त्यांना भेटला. आउआने त्यांना समुद्रतळाशी राहणाऱ्या स्त्रीविषयी सांगितले. सील, वॉलरस आणि देवमासे हे सारे तिच्या सत्तेखाली. माणसांनी नियम मोडले की ती प्राण्यांना अडवून ठेवते. मग अंगक्कुकाला तिच्याकडे जाऊन, तिचे विस्कटलेले केस विंचरून तिची समजूत काढावी लागते. जमिनीवरचे कॅरिबू आणि समुद्रातील सील यांचे मांस एकत्र येऊ द्यायचे नाही, बर्फावर सीलची शिकार चालू असताना कॅरिबूच्या कातड्याचे कपडे शिवायचे नाहीत, असे कितीतरी दंडक होते. कारण ज्यांना मारून माणूस जगतो, त्या प्राण्यांनाही आत्मा आहे अशी या लोकांची श्रद्धा होती.

हे दंडक का, असे रासमुसेन पुन्हा पुन्हा विचारीत राहिले. तेव्हा एका संध्याकाळी आउआने त्यांना घराबाहेर नेले. वादळ घोंघावत होते आणि दिवसभर बर्फातील छिद्रांपाशी तिष्ठत बसलेले शिकारी रित्या हातांनी परतत होते. नंतर त्याने एक घर दाखवले. तेथे चरबीअभावी दिवा मंदावला होता आणि मुले कुडकुडत होती. शेवटी त्याने आजाराने खंगलेल्या आपल्या बहिणीपाशी त्यांना नेले. प्रत्येक ठिकाणी तो विचारत होता, हे असे का? पाहुण्याला उत्तर देता येईना, तेव्हा आउआने समजावले की त्याच्या लोकांजवळही उत्तर नाही. अनाकलनीय संकटांचे भय आहे आणि त्या भयापासून वाचण्यासाठी पूर्वजांनी घालून दिलेले नियम आहेत. दुभाष्यामार्फत प्रश्न विचारणाऱ्याला असे उत्तर क्वचितच मिळाले असते. काही काळाने आउआने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रासमुसेन काही वर्षे उशिरा आले असते, तर हे ज्ञान त्याच्याबरोबरच विरून गेले असते.

मार्च १९२३ मध्ये रासमुसेन अर्नारुलुंगुआक आणि मितेक नावाचा तरुण शिकारी, या दोघांना घेऊन पश्चिमेकडे निघाले. कुत्र्यांच्या स्लेजवरून उत्तर अमेरिकेचा आर्क्टिक किनारा पार करून १९२४ मध्ये ते अलास्कातील नोमपर्यंत पोहोचले. मितेक शिकार करी आणि कुत्री सांभाळी. अर्नारुलुंगुआक स्लेज हाकी, अन्न शिजवी आणि कातड्याचे कपडे शिवी. त्या थंडीत फाटलेला कपडा म्हणजे मृत्यूच, तेव्हा तिच्या सुईवर तिघांचे आयुष्य अवलंबून होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. वाटेत वस्ती लागे, अनोळखी माणसे पुढे येत आणि रासमुसेन त्यांच्याशी ग्रीनलंडच्या बोलीत बोलू लागत. उच्चार बदलत, काही शब्द परके वाटत, तरी उत्तर अलास्कापर्यंत बोलणे एकमेकांना उमगत असे. हजारो किलोमीटर दूर राहणारी, परस्परांची वार्ताही नसलेली माणसे एकाच भाषाकुळाची आहेत, याचा जिवंत पुरावा त्या संभाषणांतून मिळत गेला. पुढे सायबेरियाच्या किनाऱ्यावरही ते उतरले, परंतु परवान्याअभावी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना माघारी पाठवले.

या मोहिमेचा अहवाल दहा खंडांत प्रसिद्ध झाला. वनस्पती, प्राणी, पुरातत्त्व, लोककथा, श्रद्धा, गीते अशी तिची व्याप्ती आहे. त्याच १९२४ साली कोपनहेगन विद्यापीठाने, ज्याची पदवी त्यांनी कधी मिळवली नव्हती, त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

या यशाला दुसरी बाजूही आहे. नेट्सिलिक लोकांकडून त्यांनी शेकडो ताईत वस्तूंच्या बदल्यात मिळवले आणि वस्तू दिली तरी तिची शक्ती मूळ मालकापाशीच राहते, अशी त्यांची समजूत घातली. आजच्या संशोधनाच्या कसोटीवर हा व्यवहार निर्दोष म्हणता येणार नाही. ज्या जुन्या जीवनाची नोंद ते तळमळीने करत होते, ते जीवन बदलणाऱ्या व्यापारात त्यांचे स्वतःचे ठाणेही सहभागी होते. दोन जगांमध्ये वाढलेल्या या माणसाच्या वाट्याला दोन्ही जगांचे गुणदोष आले.

सातव्या मोहिमेत, पूर्व ग्रीनलंडमध्ये असताना रासमुसेन यांना अन्नातून विषबाधा झाली. त्यातच न्यूमोनिया होऊन २१ डिसेंबर १९३३ रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी डेन्मार्कमध्ये त्यांचे निधन झाले. अर्नारुलुंगुआकही त्याच वर्षी क्षयाने मरण पावली.

त्यानंतर त्या प्रदेशात बरेच काही घडले. १९५३ मध्ये अमेरिकी हवाई तळासाठी थुलेच्या रहिवाशांना आपली घरे सोडून उत्तरेकडे जावे लागले. दुसरीकडे, २००६ मध्ये इग्लुलिकच्या इनुइट कलावंतांनी रासमुसेन यांच्या नोंदींच्या आधारे आउआच्या जीवनावर स्वतःच्या भाषेत चित्रपट काढला. रासमुसेन यांच्या वह्यांमध्ये उतरलेले पूर्वजांचे बोल अशा रीतीने नातवंडांकडे परत गेले. २००९ पासून कलालिसुत ही ग्रीनलंडची अधिकृत भाषा आहे.

ज्या भाषेला कोपनहेगनच्या शाळेत गुण मिळत नव्हते, तिनेच रासमुसेन यांच्यासाठी आर्क्टिकमधील प्रत्येक घराचे दार उघडले. घरातील भाषा मुलाला पुढे कोठवर घेऊन जाईल, हे त्याच्या लहानपणी कोणालाच सांगता येत नाही. दूरच्या प्रांतात राहूनही आपल्या मुलांना ती भाषा देणाऱ्या प्रत्येक पालकासाठी इलुलिसातच्या या मुलाचे चरित्र म्हणूनच आश्वासक आहे.