हजार रुपयांविरुद्ध एक मत

पुण्याच्या मंडईला महात्मा फुल्यांचे नाव आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ही मंडई बांधण्यावर नगरपालिकेने जो पैसा ओतला, त्याला जोतीरावांचाच विरोध होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? गोरगरिबांच्या मुलांना धड शाळा नसताना भाजीबाजाराच्या इमारतीवर एवढा खर्च कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. १८८६ साली मंडई सुरू झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. फुल्यांचे नाव पुष्कळ वर्षांनी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने आले. ते योग्यच झाले. मात्र नाव वर चढले आणि सवाल पायात गाडला गेला. आज तो उकरून काढायचा आहे.

जोतीरावांचे चरित्र आपण मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज आणि ग्रंथरचना या क्रमाने सांगतो. त्यांनी आयुष्यभर सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितला, ही बाजू मात्र मागे राहते. शाळा नुसत्या तळमळीवर चालत नाही, तिला पैसा लागतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. ती काही महिन्यांतच बंद पडली. शूद्र-अतिशूद्रांना शिकवतो म्हणून वडिलांनी घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. तरीही १८५१-५२ मध्ये जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बुधवार पेठ, रास्ता पेठ आणि वेताळ पेठ येथे मुलींच्या शाळा उभ्या केल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. त्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीने १८५५ साली आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला. शाळेवर टाकलेल्या पैशाचे व्याज कसे येते, ते या एका मुलीने दाखवून दिले.

या शाळांना दरमहा ७५ रुपयांची मदत मिळाली ती दक्षिणा प्राइझ कमिटीकडून. हा पैसा मूळचा कुणाचा? पेशवाईत रयतेच्या घामातून आलेला महसूल श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा म्हणून वाटला जाई. इंग्रजी अमलात त्या फंडाचा काही भाग विद्येकडे वळला. म्हणजे रयतेचाच पैसा फिरून रयतेच्या लेकींच्या पाटीवर आला. पण १८५७ च्या बंडानंतर युरोपियन देणगीदारांनी हात आखडता घेतला आणि शाळांना ओढाताण सोसावी लागली. मर्जीवर चाललेली शाळा मर्जी फिरली की बंद पडते. शाळा देणगीवर नको, करातून आणि हक्काने चालली पाहिजे, हा विचार जोतीरावांनी पुढे आग्रहाने मांडला.

जोतीराव व्यवसायाने कंत्राटदार होते. पुणे परिसरातल्या मोठ्या सरकारी बांधकामांशी त्यांचा संबंध होता. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी दगड पुरवला. दगडाचा भाव, मजुराची मजुरी आणि अधिकाऱ्यांचा हात कुठे कुठे पोहोचतो, हे सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यामुळे १८७६ साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमले, तेव्हा हिशेबाच्या वहीत त्यांना कोणी फसवू शकत नव्हते.

त्या काळची नगरपालिका कशी होती? सभासद सरकार नेमत असे. त्यात सरकारी अंमलदार आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी. भंगी, महार, मांग, मोलमजूर यांना मत नव्हते. पण धान्यावर, सरपणावर जकात होती आणि ती मजुराच्या भाकरीतूनही वसूल होत होती. कर सर्वांचा, ठराव मूठभरांचा! १८८० च्या जुलैत जोतीरावांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. ज्या दुकानांनी गरिबांचे संसार बुडतात, ती वाढवून तिजोरी भरायची, याला त्यांचा ठाम विरोध होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गव्हर्नर जनरलच्या पुणे भेटीचा प्रश्न आला. स्वागत आणि शृंगारासाठी हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव होता. सभासद होते ३२. साहेबाच्या स्वागताला नाही म्हणण्याची हिंमत कोण करणार? एकट्या जोतीरावांनी केली. हा पैसा पुण्यातल्या गरीब मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी स्पष्ट कळवले. ठराव अर्थातच मंजूर झाला. ३१ विरुद्ध १! पण त्या ३१ जणांची नावे आज कोणाला आठवतात? त्या एका मताने मात्र शहराच्या दप्तरात कायमची नोंद केली, की कमानी आणि शाळा यांत निवड करायची वेळ आली तेव्हा शाळेच्या बाजूने उभा राहणारा एक माणूस या सभेत होता.

दोन वर्षांनी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी सर्वांना माहीत आहे. पण त्या निवेदनाचा मोठा भाग पैशाचा आहे. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा एकतृतीयांश शाळांसाठी होता. हा वाटा वाढवा, सरकारनेही आपल्या तिजोरीतून भरघोस रक्कम द्यावी, मास्तराचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, असे त्यांनी मागितले. महसूल भरतो शेतकरी आणि कॉलेजात शिकतो भटा-शेटजींचा मुलगा, ही उफराटी व्यवस्था त्यांनी आयोगापुढे उघडी पाडली.

नगरपालिकांबद्दलची त्यांची मागणी तर बारकाईने वाचावी अशी आहे. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकेने उचलावा. पण कारभार सर्वस्वी तिच्या हाती देऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख असावी. असे का? कारण त्या सभेत कोण बसते, हे ३१ विरुद्ध १ च्या अनुभवाने त्यांना ठाऊक झाले होते. तिजोरी सर्वांची आणि किल्ली एकाच वर्गाकडे असेल, तर शाळेच्या वाट्याला उरलेसुरलेच येणार.

पुढे १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्यांनी लोकल फंडाचा पंचनामा केला. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी भरलेल्या मेजवानीत ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान इथल्या जडजवाहिरांत नसून शिक्षणाविना राहिलेल्या खेड्यांत आहे, हे राणीच्या नातलगाला तोंडावर सुनावले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवे अंग गेले. त्यांनी डाव्या हाताने लेखन केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

त्यांचा हिशेब मात्र थांबला नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की सरकार दारूवरच्या करातून दरमाणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते आणि शिक्षणावर दरमाणशी चौदा आणे खर्च करते. जोतीरावांचे १८८० चे दोन्ही मुद्दे, दारूचे उत्पन्न आणि शाळेचा खर्च, शिष्याने एकाच आकडेवारीत आणून ठेवले. बाबासाहेब जोतीरावांना गुरू मानत ते अशा अर्थाने.

आणि आपण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पक्की इमारत, पिण्याचे पाणी, मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि मैदान हे शाळेचे निकष ठरवले. आपण मिळकतकराबरोबर शिक्षण कर भरतो. पुणे महापालिकेने २००६ पासून प्रभागातली कामे सुचवण्याचा मार्गही नागरिकांना खुला केला. पण त्यातून आपण बाक, कमान, फलक सुचवतो की पोरींच्या शाळेतले स्वच्छतागृह? मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि अंदाजपत्रके प्रशासकाने केली. तेव्हा आपल्या वस्तीतून किती आवाज उठला? जोतीरावांकडे एक मत होते, ते त्यांनी वापरले. बाबासाहेबांच्या संविधानाने आपल्या प्रत्येकाला मत दिले आहे. मग आपली सबब कोणती?

भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक जरूर व्हावे, आपण तिथे वंदन करू. पण त्याआधी प्रत्येक वस्तीतल्या चार तरुणांनी महापालिकेचे अंदाजपत्रक मिळवावे, आपल्या शाळेच्या नावापुढचा आकडा शोधावा आणि मत मागायला येणाऱ्याला तो विचारावा. जयंतीच्या मिरवणुकीतले चार पैसे वाचवून वस्तीतल्या अभ्यासिकेला द्यावेत. १८८० मध्ये हजार रुपये कमानींवर गेले, कारण शाळेच्या बाजूने एकच हात वर झाला. पुढच्या वेळी हात कमी पडले, तर तो दोष ३१ जणांचा नसेल, आपला असेल.