फिलाडेल्फियातील पहिला हिवाळा : आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या जीवनाशी मराठी वाचकाचा परिचय मुख्यतः दोन ग्रंथांच्या द्वारे झालेला आहे. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेले चरित्र हा पहिला ग्रंथ आणि श्री. ज. जोशी यांची १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी हा दुसरा. काशीबाईंनी पत्रांचा भरपूर आधार घेतला होता. तरीही सर्वसाधारण वाचकाच्या स्मरणात उरले ते आनंदीबाईंचे प्रस्थान आणि त्यांचा अकाली मृत्यू. कादंबरीने तर गोपाळरावांच्या विक्षिप्त व जबर व्यक्तिमत्त्वाला एवढी जागा दिली की आनंदीबाईंची विद्या ही पतीच्या हट्टाची निष्पत्ती वाटावी. १८८३ च्या जूनपासून पुढचे काही महिने मात्र या समजुतीला छेद देतात. नऊ वर्षांच्या संसारात प्रथमच गोपाळराव जवळ नव्हते.

आनंदीबाई मूळच्या कल्याणच्या. आज नवी मुंबईपासून जवळ असलेले, उल्हास नदीच्या खाडीकाठचे हे जुने बंदर. तेथील एका जमीनदार जोशी घराण्यातील यमुना ही नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, टपाल खात्यातील बिजवर गोपाळराव जोशी यांची आनंदी झाली. पतीचे वय तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी अधिक होते. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहाच दिवस जगला, आणि वैद्यक शिकण्याच्या संकल्पाचे मूळ या घटनेत सांगितले जाते. गोपाळरावांनी कोल्हापूरच्या परिचयातील मिशनरी वाइल्डर यांच्याकडे साहाय्य मागितले. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा व्यक्त झाली. हा पत्रव्यवहार छापून आला आणि न्यू जर्सीतील रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे वाट पाहत असता वाचला. १८८० पासून या बाईंशी आनंदीबाईंचा पत्रव्यवहार सुरू झाला. प्रत्यक्ष भेटीपूर्वीच तीन वर्षे मावशी-भाचीचे नाते कागदावर जुळले होते, ही गोष्ट पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, ही त्यांची प्रतिज्ञा त्या प्रसंगाची. ७ एप्रिलला कलकत्त्याहून त्या मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरबाई आल्या होत्या. उन्हाळा रोसेलला त्यांच्या घरी गेला. हे दिवस सुखाचे होते. परक्या देशात पाऊल टाकताच एक घर लाभणे हे त्या काळच्या फार थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले असेल. मात्र त्यामुळेच पुढचा बदल अधिक बोचला असावा.

ऑक्टोबर १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. १८५० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या अधिष्ठात्री रेचल बॉडले या रसायनशास्त्रज्ञ होत्या. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी एकूण सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. विद्यार्थिनीचे वय अठरा, प्रकृती आधीच नाजूक. कलकत्त्यातील मुक्कामातच डोकेदुखी, ताप आणि धाप यांनी त्यांना गाठले होते.

फिलाडेल्फियातील खोलीची हकीकत साधी आहे, पण तिच्यावर थांबणे आवश्यक आहे. खोलीतील शेकोटीचे धुराडे नीट नव्हते. विस्तव पेटवला तर खोली धुराने भरे, न पेटवला तर थंडीने अंग काकडे. दिवसभर व्याख्याने, शवविच्छेदन, रात्री परक्या भाषेतील जाडजूड ग्रंथ. आणि शाकाहाराचे व्रत पाळायचे म्हणून स्वयंपाकही स्वतःचा स्वतः करायचा. ज्या घरात प्रेताच्या स्पर्शानंतर स्नान केल्यावाचून कशालाही शिवता येत नसे, त्या घरातली ही मुलगी विच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहिली, याची नोंद चरित्रकारांनी जेवढी ठळक करावयास हवी होती तेवढी केलेली दिसत नाही. समुद्रपर्यटनाच्या पातकाची चर्चा पुण्यात पुष्कळ झाली; या दुसऱ्या मर्यादाभंगाची त्यामानाने झाली नाही.

वस्त्राचा प्रश्न याहून अवघड निघाला. नऊवारी लुगड्यात पायाचा खालचा भाग उघडा राहतो. तेथील थंडीत ते शरीराला अपायकारक आणि तेथील शिष्टाचाराला विसंगत. पाश्चात्त्य पोशाख घ्यावा तर प्रतिज्ञा मोडल्याचा बोभाटा होणार. आनंदीबाईंनी तिसरा मार्ग काढला : गुजराती पद्धतीची, घोट्यापर्यंत अंग झाकणारी साडी. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या निर्णयात प्रतिज्ञेचा अर्थ स्वतः लावण्याचे स्वातंत्र्य आहे. हिंदू राहणे म्हणजे नेमके काय सांभाळणे आणि काय सोडता येणे, हे त्यांनी ठरविले.

त्या ऑक्टोबरमध्ये या प्रतिज्ञेला विशेष धारही आली होती. आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातील पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या होत्या, त्याही वैद्यक शिकण्याच्या हेतूने. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाईंच्या प्रवेशाशी ही घटना जवळजवळ समकालीन आहे. परदेशी गेलेली ब्राह्मण स्त्री बाटतेच, असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक उदाहरण आले होते. रमाबाईंच्या निर्णयाची योग्यता येथे प्रस्तुत नाही. परंतु फिलाडेल्फियातील विद्यार्थिनीच्या पदराकडे मायदेशातून किती डोळे लागले असतील, याची कल्पना त्यावरून येते.

त्यांतील सर्वांत साशंक डोळे पतीचे होते. ज्याने मिशनरी मंडळींशी वाद घालून पत्नीला सातासमुद्रापार धाडले, त्याच्याच पत्रांतून तिच्या वागण्याविषयी टोचणी आणि संशय येऊ लागला. पत्र एका बाजूने पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागे. म्हणजे वेषाविषयी विचारणा केली तरी उत्तर हाती पडेपर्यंत थंडी ऐन भरात येणार. अशा स्थितीत संमती ही बहुधा निर्णयामागून येणारी औपचारिकता ठरते. भाषा मात्र आनंदीबाईंनी अखेरपर्यंत पत्नीचीच ठेवली. म्हणूनच अमेरिकेतून लिहिलेले त्यांचे एक पत्र विलक्षण वाटते : दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी झालेल्या मारहाणीची, अंगावर फेकलेल्या पुस्तकांची व खुर्च्यांची आठवण त्यांनी पतीला करून दिली. ती सर्व वर्षे एका छपराखाली जे लिहिता आले नव्हते, ते अंतराने लिहिता आले. उपकाराची जाणीव आणि अपमानाची स्मृती ही दोन्ही त्या पत्रात एकत्र नांदतात. एकीने दुसरीला पुसलेले नाही. आनंदीबाईंना केवळ आज्ञाधारक पत्नी अथवा केवळ बंडखोर स्त्री ठरविणाऱ्या वाचकाची म्हणूनच येथे अडचण होते.

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेस पोहोचले. तोवर पत्नीचे शिक्षण शेवटच्या वर्षात आले होते. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभास ते आणि इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या रमाबाई, दोघेही उपस्थित होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे पद आनंदीबाईंना मिळाले, पण क्षयाने पोखरलेल्या देहाला ते सांभाळता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या निवर्तल्या. अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवल्या आहेत.